उसनं नाक

आमचे घरमालक दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कानटोपी घालत आणि होळीपर्यंत काढत नसत. बाहेर ऊन किती आहे याचा त्याच्याशी संबंध नव्हता. ऑक्टोबरात जळगाव जामोदला दुपारी डोक्यावर पदर घेतल्याशिवाय रस्त्यावर पाऊल टाकवत नाही. अशा उन्हात हे गृहस्थ लाल लोकरीची टोपी घालून, भुवयांवर पिठाचा थर घेऊन चक्कीच्या दारात उभे राहत आणि मला सांगत, "मॅडम, थंडी आली. तुमाले नाही समजणार." मी माडीच्या कठड्याला थर्मामीटर टांगला होता. एकदा त्यांना वर बोलावून तो दाखवला. त्यांनी तो उलटसुलट पाहिला आणि म्हणाले की अंगाला लागते ती थंडी खरी नाही, नाकाला लागते ती खरी.

तुम्ही दोघं फोनवर विचारता, आजी, आजोबा गेल्यावर तू त्या माडीवर सात वर्षं एकटी कशी राहिलीस. बाळांनो, एकटं राहायला मिळावं म्हणूनच मी ती माडी घेतली होती. तीस वर्षं मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवलं, घंटेवर उठले, घंटेवर बसले. आता सकाळी सहाला फिरणं, आठला आंघोळ, दुपारी वाचन, पाचला पेपर, असं माझं वेळापत्रक मी भिंतीवर लावलं होतं. त्या वेळापत्रकाची जी दशा झाली ती या माणसामुळे. ते आता हयात नाहीत, त्यामुळे हे वाचून वाद घालायला येणार नाहीत. तरी लिहिताना मला पुरती खात्री वाटत नाही.

खाली तीन चक्क्या होत्या. एक गहू-ज्वारीची, एक डाळीची आणि तिसरी मिरची-मसाल्याची. दिवसभर जमीन हलत असे आणि मी शिंकत असे. मला हाक मारायची त्यांची रीत म्हणजे लोखंडी पान्याने पावसाच्या पाण्याच्या नळीवर ठोकणं. तीन ठोके म्हणजे खाली या, दोन ठोके म्हणजे लवकर या. एक ठोका कधी ऐकला नाही. वर यायला जिना आहे, असं मी त्यांना किती वेळा सांगितलं. ते म्हणत, "जिना तुमच्यासाठी हाये. मले गुडघे हायेत."

आता काकड्याबद्दल सांगायला हवं, कारण तुमच्याकडे तो नाही. कोजागिरीनंतर कार्तिकी पौर्णिमेपर्यंत महिनाभर आमच्या गल्लीच्या टोकाच्या मंदिरात पहाटे काकड आरती होते. अंधारात टाळ-मृदंग घेऊन माणसं जमतात, शाली, मफलर, स्वेटर, जे असेल ते घालून. सातपुडा जवळ, त्यामुळे दुपारी कितीही तापलं तरी त्या वेळी बोटं वाकत नाहीत. भजन संपलं की सगळ्यांना मसाल्याचा चहा. दूध, साखर, पत्ती रोज वेगवेगळ्या घरची असते. पण मसाला एकाच घरचा, आमच्या घरमालकांचा. त्यांच्या वडिलांनी पहिली चक्की बसवली तेव्हापासूनची ही रीत. गावात त्यांना जो मान होता तो या मसाल्याचा होता. ते स्वतःच मला एकदा म्हणाले होते, "मसाला माहा हाये म्हणून मी हाये. नाही तं मी कोण? पीठ पाडणारा."

सुंठ, मिरे, लवंग, वेलची, दालचिनी, बडीशेप, जायफळ आणि तुळशीच्या वाळलेल्या मंजिऱ्या. जिन्नस सगळ्यांना माहीत होते. प्रमाण कोणालाच नव्हतं, आणि मला वाटतं त्यांनाही नव्हतं. तुमच्या आईने ते लिहून मागितलं म्हणून मी वही घेऊन बसले. सुंठ किती? "अंदाजानं." अंदाज म्हणजे किती? "आज ढग हाये, आज कमी." उद्या? "उद्याचं ढग मी आज कसं सांगू?" शेवटी मी एक युक्ती केली. दळण्याआधी त्यांचे सगळे डबे माझ्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून ठेवले, दळण झाल्यावर पुन्हा तोलणार होते. वजाबाकी केली की प्रमाण हातात. ते सगळं शांतपणे पाहत होते. मी परत काटा घेऊन खाली गेले तेव्हा प्रत्येक डब्यात त्यांनी मूठ-मूठ जिन्नस जास्तीचा ओतून ठेवला होता. माझ्या हिशोबाप्रमाणे त्या वर्षीचा मसाला वेलची न वापरता, उलट वेलची तयार करत झाला होता.

त्यांच्या चहाचे नियम शाळेपेक्षा कडक होते. तो उभ्याने प्यायचा नाही. पिताना बोलायचं नाही. त्यात काही बुडवायचं नाही. नांदुऱ्याहून त्यांचे एक व्याही आले होते, चांगले वयस्कर, धोतर-टोपीतले. त्यांनी खिशातून टोस्ट काढून चहात बुडवला. घरमालकांनी त्यांच्या हातातली बशी काढून घेतली, चहा मोरीत ओतला आणि साधं पाणी भरून बशी परत दिली. "बुडवाचंच हाये तं यात बुडवा." व्याही दोन वर्षं आले नाहीत.

आणि मी? मी आयुष्यभर उकळत्या पाण्यात पत्ती दोन मिनिटं भिजवून गाळलेला, बिनदुधाचा, अर्धा चमचा साखरेचा चहा घेत आले आहे. त्याला ते दवाखान्याचा चहा म्हणत. मला आल्याचा वास सहन होत नाही, वेलचीने डोकं चढतं. असं असताना त्यांच्या मसाल्याची परीक्षा तीन वर्षं मी घेतली, ही माझ्या आयुष्यातली सर्वांत विसंगत गोष्ट आहे.

तो मोठा आजार जगभर आला होता त्या वर्षीची गोष्ट. त्यांना ताप येऊन गेला होता, बरेही झाले होते. एका दुपारी मला वर माडीवर दूध करपल्याचा वास आला. खाली चक्कीच्या कोपऱ्यात त्यांचा स्टोव्ह असे. धावत गेले तर पातेल्यातून धूर निघत होता आणि हे त्याच्यापासून हातभर अंतरावर उभे राहून गाळणी शोधत होते. दूध करपलं, मी म्हणाले. "नाही," ते म्हणाले. मग त्यांनी पातेल्यात पाहिलं. स्टोव्ह बंद केला, चक्कीचं शटर अर्ध्यापर्यंत खाली ओढलं आणि पोत्यावर बसले.

तापात वास गेला होता. "सगळ्याईचा परत आला," ते म्हणाले. "माहा नाही आला." अकोल्याच्या डॉक्टरांना दाखवून झालं होतं. डॉक्टर थांबा म्हणाले होते. "डॉक्टर म्हणते थांबा. काकडा थोडीच थांबते?"

मी म्हटलं, मग लोकांना सांगा, समजून घेतील. तेव्हा त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मला अजून आठवते. लोक समजून घेतील आणि दुसऱ्या दिवशी किराणा दुकानातून छापील पुडी आणतील, यात त्यांना शंका नव्हती. बायकोलाही सांगितलं नव्हतं. तिला सांगितलं की दुपारपर्यंत गल्लीला कळणार. मग मलाच का सांगता, मी विचारलं. "तुम्ही कोणाशी बोलत नाही म्हणून," ते म्हणाले.

"चार महिने तुमचं नाक उसनं द्या, मॅडम. संक्रांतीपर्यंत माहं परत येते."

मी दिलं. ते नाक तीन वर्षं त्यांच्याकडेच राहिलं.

पाच वाजता पेपर उघडावा की नळीवर तीन ठोके. खाली जावं, डोळे मिटावे, ते तळहातावर चिमूटभर पूड धरणार. "कुठं लागला? नाकाच्या शेंड्याले का टाळूले?" मी म्हणायचे, मिरे पुढे आले आहेत. यावर त्यांनी काय करायला हवं होतं? मिरे कमी करायला. पण नाही, ते वाद घालत. मिरे पुढे येणं शक्यच नाही, आपण मोजून सात टाकलेत, तुम्हालाच सर्दी झाली असेल. मी म्हणायचे, तुम्हाला वास येत नाही, मला येतो. ते म्हणायचे, "येत नसंल, पण मले माहीत हाये." ज्या माणसाला करपलेलं दूध कळत नाही तो माझ्या नाकाच्या चुका काढत होता. शाळेत मी कॉपी पकडलेल्या मुलीसुद्धा इतक्या ठामपणे नाकबूल गेल्या नव्हत्या. अर्ध्या तासाने मी चिडून वर जात असे, आणि त्यानंतर ते मुकाट्याने पुढच्या दळणातले मिरे निवडून काढत. माझ्या समोर कधीच नाही.

दुसरी परीक्षा चक्कीची. मसाल्याच्या चक्कीतच लोकांची मिरची दळली जाई. मिरचीनंतर चहाचा मसाला दळायचा तर आधी तांदूळ दळून चक्की साफ करायची, आणि जिथून पीठ पडतं त्या तोंडाला बांधलेली कापडी बाही बदलायची. बाह्या दोन होत्या, एक तिखटाची, एक चहाच्या मसाल्याची. दोन्ही धुऊन धुऊन एकाच विटकरी रंगाच्या झाल्या होत्या. पूर्वी ते नाकाजवळ नेऊन ओळखत. आता मी ओळखत असे. मी सुचवलं की एका बाहीवर हिरव्या दोऱ्याने चार टाके घालते, प्रश्न मिटेल. त्यांनी हातातून सुई काढून घेतली. इतकी वर्षं खूण नव्हती, आता कशाला, असं कोणी विचारलं तर? मी म्हटलं, कोण विचारणार आहे? ते म्हणाले, "माही मंडळी बाह्या धुते. तिले दोन डोळे देल्ले हायेत देवानं."

तिसऱ्या वर्षी दिवाळीत मी आठ दिवस नाशिकला बहिणीकडे गेले. जाण्याआधी कोजागिरीचा मसाला पाहून, पास करून दिला होता आणि दुसरं दळण मी आल्यावर करा, असं दोनदा सांगितलं होतं. दिवाळीच्या पाहुण्यांमुळे काकड्याला गर्दी वाढली आणि मसाला लवकर संपला. त्याच दिवसांत तुळशीच्या लग्नानंतरच्या लग्नघरांचं तिखट चक्कीवर येत होतं. यांनी थांबायला हवं होतं. एक फोन करायला हवा होता. त्यांनी तांदूळ दळले, पांढरं पीठ पाहिलं, समाधान झालं, आणि दोन बाह्यांतली एक बांधली.

मी नाशिकहून आले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मंदिरात गेले. एरवी मी जात नसे. प्रवासाने झोप उडाली होती, एवढंच कारण. भजन संपलं, लोक पंगतीसारखे भिंतीला टेकून बसले. चहाचं मोठं पातेलं, इकडे त्याला गंज म्हणतात, तो आला. हे कानटोपीत, हातात डाव घेऊन स्वतः वाढत होते. मी एक घोट घेतला आणि माझ्या घशात आग पेटली.

मी इकडेतिकडे पाहिलं. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. बायका पदराने नाक पुसत होत्या. कोणी खोकत होतं आणि खोकला मफलरमध्ये दाबत होतं. वीणा धरणारे म्हातारे विणेकरी, काकड्याचे म्होरके, त्यांचे कान लाल झाले होते. पण सगळे पीत होते. एकानेही कप खाली ठेवला नाही, एकाने शब्द काढला नाही. दोघांनी तर, घरमालक पाहत आहेत असं बघून, पुन्हा कप पुढे केला. आणि ते मधोमध उभे राहून एकेक चेहरा वाचत होते, कारण गेली तीन वर्षं चहा कसा झाला हे त्यांना लोकांच्या तोंडावरूनच कळत होतं. पहाटेच्या थंडीत, धूप-कापराच्या धुरात पाणावलेले डोळे कशाने पाणावलेत, ते त्यांना कळेना. शेवटी त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कपात पाहिलं.

परतताना रिकामा गंज त्यांच्या डोक्यावर आणि मी शेजारून. अर्ध्या वाटेवर मी सांगून टाकलं. तिखटाची बाही लागली आहे.

ते थांबले. गंज खाली ठेवला. मला वाटलं आता वाद घालतील. त्यांनी घातला नाही, आणि मला ते मुळीच आवडलं नाही.

"सगळे पेले?" त्यांनी विचारलं.

"सगळे."

"विणेकरी पण?"

"दोनदा."

"काऊन नाही बोललं कोणी?"

तुमचं मन राखावं म्हणून, मी म्हटलं. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून. मला खरोखर वाटलं की हे ऐकून त्यांना बरं वाटेल. ते गंज उपडा घालून त्यावर बसले आणि सांगू लागले. त्यांच्या वडिलांच्या वेळी एकदा लवंग जास्त झाली होती, तर याच विणेकऱ्यांच्या वडिलांनी भर मंदिरात कप उपडा करून सांगितलं होतं की चक्कीवाल्या, हा चहा आहे की दातदुखीचा काढा. दोन्ही घरं त्यानंतर तीन दिवस भांडत होती. "तवा बोलले," ते म्हणाले. "मसालेवाला होता म्हणून बोलले. मले नाही बोलले, मॅडम. मले सोडून देल्लं त्याईनं. म्हाताऱ्यानं ओतलं, पेऊन घ्या, बस."

दिवसभर चक्की बंद होती. नळीवर ठोके नव्हते. पाच वाजता मी पेपर पूर्ण वाचला, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, आणि त्यात काय होतं ते विचाराल तर मला सांगता येणार नाही.

दुसऱ्या पहाटे मी पुन्हा मंदिरात गेले. या खेपेला झोप उडाली होती असं मी म्हणत नाही. टाळ वाजायच्या आधी ते पुढे गेले आणि सरळ बोलायला लागले. काल चहात तिखट गेलं, चूक माझी. मला तीन वर्षं वास येत नाही. मसाला होत होता तो मॅडमच्या नाकावर. त्यांची बायको मागे बायकांत बसली होती. तिच्या हातातली वात खाली पडली.

मग विणेकऱ्यांनी वीणा शेजाऱ्याच्या हातात दिली.

"तीन वर्षं? अन् आमाले आज सांगून राह्यला बे?" ते उठले. "काल मी चार लोटे पानी पेलो. दुपारी जेवलो नाही. आज आवाज फुटून नाही राह्यला माहा, अन् हा म्हणते चूक झाली."

"मंग काल बोलाचं होतं," घरमालक म्हणाले.

"कायले बोलू? मले वाटलं तू गेला कामातून. आता बोलतो, उभा राह्य."

आणि ते बोलले. कालचं तिखट, मागच्या वर्षीची जाडीभरडी सुंठ, त्याच्या आदल्या वर्षी मंजिऱ्यांत निघालेली काडी, सगळं निघालं. त्यांचं पाहून बाकीच्यांनाही कंठ फुटला. एका बाईंनी सांगितलं की त्यांच्या सासऱ्यांची जीभ अजून बधिर आहे. कोणी म्हणालं की गेल्या वर्षी मिरे फार होते. यावर घरमालकांनी भर सभेत माझ्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "मी सांगत होतो. मॅडमनं ऐकलं नाही." हे साफ खोटं होतं. मी उठून बोलणार होते, पण माझं ऐकायला कोणाला फुरसत नव्हती. ते प्रत्येकाला उत्तर देत होते, हातवारे करत होते, आवाज चढला होता, आणि त्या कानटोपीखालचा चेहरा इतका टवटवीत मी तीन वर्षांत पाहिला नव्हता. आरती त्या दिवशी अर्धा तास उशिरा सुरू झाली.

शेवटी विणेकऱ्यांनी निकाल दिला. आज बाही गरम पाण्यात उकळायची, दळण पुन्हा करायचं, आणि संध्याकाळी आम्ही येतो वास घ्यायला. "मॅडम इंग्रजी शिकवते," ते म्हणाले. "त्याईले मसाल्यातलं काय समजते?"

माझं नाक मला परत मिळालं ते असं. आभाराचा एक शब्द नाही.

संध्याकाळी पाच वाजता मी खुर्ची कठड्याजवळ ओढली आणि पेपर उघडला. खाली चक्कीच्या ओट्यावर दहा-बारा माणसं जमली होती. विणेकरी पोत्यावर बसले होते. घरमालकांचा तळहात एका नाकाखालून दुसऱ्या नाकाखाली फिरत होता. एक म्हणे सुंठ वाढवा, दुसरा म्हणे मुळीच नको, तिसऱ्याला काहीच कळत नव्हतं पण तो सर्वांत जास्त बोलत होता. आणि ज्यांना वासच येत नव्हता ते सगळ्यांना सांगत होते की तुम्हा लोकांना सर्दी झाली आहे. त्या गोंगाटात एक ओळ वाचता येईना.

मग वारा माडीकडे फिरला. जायफळ जास्त झालं होतं. चांगलं दुप्पट झालं होतं. खाली बारा नाकं होती आणि एकालाही ते कळत नव्हतं, आणि उद्या पहाटे हेच लोक हा चहा पिऊन दिवसभर पेंगणार होते. मी पाच मिनिटं वाट पाहिली. कोणी बोललं नाही. मी पेपराची घडी घातली, चष्मा काढून ठेवला, पायांत चपला घातल्या आणि जिना उतरू लागले.